अक्षरं हातात, शब्द कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठवीत आहे, सेमी-इंग्रजीत. घरी रविवारी स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या जोडून बोर्डावर इंग्रजी शब्द लावायचे, आणि रोज सकाळी फोनवर वर्डल, म्हणजे सहा संधींत पाच अक्षरी शब्द ओळखायचा. अक्षरं टाकली की शब्द काढून देणाऱ्या साइट ती वापरते, त्यातून ती शिकतेय की नुसती नक्कल करतेय? क्यू, जे, व्ही आलं की तिचा डाव का अडतो? आणि मागच्या रविवारचा एक रॅक, म्हणजे हातातली सात अक्षरं: ए, ई, आय, एन, आर, टी, डब्ल्यू. पहिलीच खेळी होती. तिने 'ट्रेन' लावला, १२ गुण मिळाले. याहून बरं काही होतं का?

होतं. ७८ गुणांचं होतं. पण तिथे एकदम उडी नको मारायला. पायरीपायरीने गेलो तर तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही वाटेत सापडतील.

मी वीसेक वर्षं स्क्रॅबल खेळतेय, त्यातली बरीचशी स्पर्धांमधून, आणि शाळकरी मुलांना शिकवतेही. नवं मूल पहिल्या दिवशी काय करतं, तर रॅककडे बघतं आणि मग छताकडे. येत असलेले शब्द एकेक आठवायचे आणि ते रॅकमध्ये बसतात का ते तपासायचं. ही उलटी वाट आहे. मी सांगते, छतावर काही लिहिलेलं नाही, सगळं खाली आहे. अक्षरं कुठे बसतात, कोणाशेजारी बसतात, कोणाला चिकटत नाहीत हे बघायचं. अर्थ नंतर.

तुमच्या रॅकमध्ये आधी दिसायला हवा तो डब्ल्यू. बाकीची सहाही अक्षरं एकेका गुणाची, डब्ल्यू एकटा चारचा, आणि 'ट्रेन'मध्ये नेमका तोच मागे राहिला. पहिला शब्द बोर्डाच्या मधल्या चांदणीवरून जावा लागतो आणि चांदणी अख्ख्या शब्दाचे गुण दुप्पट करते. शिवाय चांदणीपासून चौथ्या घरावर दोन्ही बाजूंना एकेक फिकट निळं घर आहे, त्यावरच्या अक्षराचे गुण दुप्पट होतात. आता 'वॉटर' असा लावा की डब्ल्यू डावीकडच्या निळ्या घरावर पडेल: २४ गुण. त्याच जागेवरून 'वेटर' किंवा 'विंटर' लावा: २६. हे तिन्ही शब्द तिला पाचवीपासून येत असणार. म्हणजे शब्दसंपत्ती कमी पडलीच नव्हती, नजर चुकीच्या जागी होती.

पुढची पायरी शेपटीची. इंग्रजी शब्दांच्या शेपट्या ठरलेल्या असतात: आय-एन-जी, ई-डी, ई-आर, आय-ई-आर, ई-एस-टी. रॅकवर अशी शेपटी दिसली की तिची अक्षरं उचलून उजव्या टोकाला ठेवायची आणि उरलेल्यांशी झगडायचं. सात अक्षरांशी एकदम लढता येत नाही. सातही वेगळी असतील तर त्यांच्या ५,०४० मांडण्या होतात. चार अक्षरांच्या फक्त २४. इथे डब्ल्यू-ए-आर-ई बाजूला काढा, हार्डवेअर-सॉफ्टवेअरमधलं 'वेअर'. उरलं काय? टी-आय-एन. 'टिनवेअर', पत्र्याची भांडी. सातही अक्षरं एका खेळीत संपली की ५० गुण वर मिळतात, खेळाडू त्याला बिंगो म्हणतात. झाले ७२. आता आय-ई-आर ही शेपटी काढून बघा, हॅपीचं हॅपियर होतं ती. उरतात टी, ए, डब्ल्यू, एन. 'टॉनी' म्हणजे पिंगट, त्याचं 'टॉनियर', म्हणजे जास्त पिंगट. डब्ल्यू तिसऱ्या जागी आहे, तो निळ्या घरावर बसवला की शेवटचा आर बरोबर चांदणीवर येतो. ७८.

'टॉनियर' तिला येत नसणार, आणि तसं असलं तरी बिघडलं नाही. 'टिनवेअर' मात्र शोधण्यासारखा होता.

यात मराठी मुलांची एक जास्तीची अडचण असते. मी ती स्वतः भोगली आहे. आपण मात्रेसकट वाचतो. टी आणि ए शेजारी पडले की आपल्याला 'टा' दिसतो, आणि एकदा 'टा' दिसला की तो फुटत नाही. इंग्रजीत स्वर ही सुटी सोंगटी आहे, कुठेही जाऊन बसते. म्हणून विचार करताना हात सतत हलता ठेवायचा. सोंगट्या सरकवा, उलट्या लावा, स्वर एका बाजूला आणि व्यंजनं दुसऱ्या बाजूला करा. मोठे खेळाडू रॅक खडखडवत बसतात तो काही चाळा नसतो.

आता साइटकडे येऊ. 'अमुक अक्षरं असलेला शब्द' या एका वाक्यात चार वेगळे प्रश्न लपलेले असतात आणि पोरं ते एकत्र कालवतात. फक्त याच अक्षरांतून बनणारा शब्द, हा स्क्रॅबलचा प्रश्न. ही अक्षरं असलेला, बाकी काहीही चालेल, हा शब्दकोड्याचा. हे अक्षर याच जागी किंवा या जागी नाही, हा वर्डलचा. आणि ही अक्षरं नसलेला, हाही वर्डलचाच, पण तो लोक विसरतात. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी या खेळात तर पाचवाच प्रकार: सात अक्षरं दिलेली, तीच पुन्हापुन्हा वापरता येतात, मधलं अक्षर सक्तीचं आणि शब्द किमान चार अक्षरांचा. साइटवर या प्रत्येकासाठी वेगळा रकाना असतो. कोणत्या रकान्यात काय टाकायचं हे जिला न चुकता कळतं, तिने अर्धं काम स्वतःच केलेलं असतं.

या साइट आतून काय करतात हेही तिला सांगा, आठवीच्या मुलीला नक्की कळेल. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं ए-बी-सी क्रमाने लावून ठेवलेली असतात. 'नॅस्टियर'ची लावली तर ए-ई-आय-एन-आर-एस-टी. 'रिटेन्स'ची लावली तरी तेच. 'रेटिनाज'चीही तेच. तुम्ही अक्षरं टाकलीत की साइट तीही क्रमाने लावते आणि त्या कप्प्यात जे शब्द पडलेत ते पुढे करते. जादू काही नाही, पोस्टातल्या कप्प्यांसारखं आहे. या एका कप्प्यात किमान आठ शब्द आहेत. स्पर्धेतले खेळाडूही नेमकं हेच करतात: रॅक क्रमाने लावून बघायची सवय करतात, म्हणजे तोच संच पुढच्या वेळी तसाच दिसतो आणि ओळख पटते.

यातूनच 'मूळ सहा' ही युक्ती निघाली. तुमच्या रॅकमधून डब्ल्यू काढला तर जी सहा अक्षरं उरतात त्यांचा 'रेटिना' होतो, डोळ्यातला पडदा. इंग्रजीतल्या सगळ्यात दुभत्या सहा अक्षरांपैकी ही एक जोडणी. सी मिळालं की 'सर्टन', डी मिळालं की 'ट्रेन्ड' (ट्रेनिंग घेतलेला), पी मिळालं की 'पेंटर' आणि 'रिपेंट', जी मिळालं की 'ग्रॅनाइट' आणि 'टेअरिंग', एफ मिळालं की 'फेंटर' (जास्त पुसट), एच मिळालं की 'हेअरनेट', एम मिळालं की 'मिनारेट', म्हणजे आपला मिनार. असा रॅक हातात असताना 'ट्रेन' लावून मोकळं होणं म्हणजे सुगीत शेत विकण्यासारखं आहे. हे तिला रागावून सांगू नका, मीही कितीतरी वेळा विकलंय.

ही सहा अक्षरं दुभती का, याचं उत्तर खेळाच्या जन्मात आहे. अल्फ्रेड बट्स हा न्यूयॉर्ककडचा आर्किटेक्ट, १९३० च्या दशकातल्या मंदीत काम गेलेला. त्याने वर्तमानपत्राची पानं घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्या हिशोबाने सोंगट्या ठरवल्या. ई १२, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ, एन, आर, टी सहा-सहा. के, जे, एक्स, क्यू, झेड प्रत्येकी फक्त एक. एस मात्र चारच ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचनं करत सुटला असता. 'स्क्रॅबल' हे नाव पुढे १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी दिलं. एकूण १०० सोंगट्या, त्यात दोन कोऱ्या. हे आकडे मुलीला पाठ करायला लावा. पाठांतर वाईट नसतं, आणि हे फार तर दहा मिनिटांचं काम आहे.

आता अवघड अक्षरं.

क्यूने मलाच एकदा चांगलं पोळलंय. सतराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. बोर्डावरचे चारही यू संपलेले, माझ्याकडे क्यू, शेजारी आय, आणि मी शेवटपर्यंत क्यू धरून बसले. समोरच्या बाईंनी डाव संपवला, माझ्या क्यूचे दहा गुण माझ्यातून वजा झाले आणि त्यांना मिळाले. वीसचा फरक, आणि मी बारा गुणांनी हरले. सोंगट्या पिशवीत भरताना त्या शांतपणे म्हणाल्या, "क्यू-आय लावायचं होतंत ना!" क्यू-आय, उच्चार 'ची', चिनी विचारातली प्राणशक्ती. स्क्रॅबलला चालणाऱ्या शब्दांच्या अमेरिकन यादीत तो २००६ मध्ये आला आणि तेव्हापासून क्यूची भीती निम्मी झाली. दोन अक्षरांत क्यू असलेला हा एकमेव शब्द. हा एक शब्द न शिकता कोणी स्क्रॅबल खेळायला बसू नये, इतकं माझं ठाम मत आहे. त्यानंतर क्यू-ए-टी, येमेनकडे चघळतात तो पाला. मग 'फकीर', एफ-ए-क्यू-आय-आर. आणि 'तलाक', टी-ए-एल-ए-क्यू.

शेवटचे दोन शब्द वाचून तुम्ही जरा थबकला असाल. मला तिथेच यायचं होतं. इंग्रजीची स्वतःची वळणं ठरलेली आहेत: जे शब्दाच्या शेवटी येत नाही, क्यूला यू लागतो, एच ठरावीक पाच-सहा अक्षरांनाच चिकटतो. ही वळणं मोडणारे शब्द बाहेरून आले, आणि त्यातले ढीगभर आपल्या बाजूचे आहेत. जे शेवटी हवंय? 'राज', 'ताज', 'हाज', 'स्वराज'. जे मध्ये हवंय? 'पूजा', 'गांजा', 'बाजरा', 'भाजी'. एच दोन आले आणि सी किंवा एस नाही, म्हणून रडायचं कारण नाही: 'खादी', 'घाट', 'धोतर' नाही पण 'धोती', 'धोबी', 'लाठी', 'धरणा', 'लाख'. इंग्रज पोराला बी नंतर एच सुचणारच नाही. आपल्याकडे तो महाप्राण म्हणून बाराखडीत बसलाय. 'घेराव'चं स्पेलिंग जी-एच-ई-आर-ए-ओ, तीन स्वर एका दमात संपतात. 'इडली'त दोन आय जातात. 'जवार', म्हणजे ज्वारी, जे-ओ-डब्ल्यू-ए-आर असा आहे. आणि व्ही, ज्याचा एकही दोन अक्षरी शब्द कुठल्याच यादीत नाही, त्याला 'वकील', 'वीणा', 'देव' तारतात. देव डी-ई-व्ही असाही चालतो आणि डी-ई-व्ही-ए असाही, शेवटी ए सकट.

पेशवासुद्धा आहे. विशेषनाम चालत नाही, म्हणून बाजीराव नाही, पण पेशवा हे पद आहे. मी तो एकदा ऑनलाइन डावात एका परदेशी खेळाडूविरुद्ध लावला तेव्हा त्याने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं होतं.

मात्र यात एक खाचखळगा आहे. शब्द आपला असला तरी स्पेलिंग आपलं नसतं. तूप जी-एच-ई-ई चालतं आणि जी-एच-आयही चालतं. डाळीची निदान तीन स्पेलिंगं चालतात, एच नसलेलं, मध्ये असलेलं आणि डी ला चिकटलेलं. याउलट घरात रोज बोलले जाणारे कितीतरी शब्द यादीत नाहीतच. 'मला माहीत आहे' याला बोर्डावर किंमत शून्य, यादीत बघूनच लावायचं. आणि गंमत म्हणजे 'माँगूज' हा अस्सल इंग्रजी वाटणारा शब्द मराठी मुंगसावरून गेलाय, त्याच्याकडे मात्र आपल्या मुलांचं लक्षच जात नाही.

यादी म्हणजे कोणती, हेही बघा. भारतात स्पर्धा कॉलिन्स या शब्दकोशवाल्यांच्या यादीवर होतात, तिच्यात सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. अमेरिका-कॅनडात वेगळी यादी, ती दोन लाखांच्या आतली. झेड-ओ कॉलिन्समध्ये आहे, तिकडे नाही. सी-एचचंही तसंच. वर मी दिलेले आपल्याकडचे सगळे शब्द कॉलिन्समध्ये आहेत, अमेरिकन यादीत त्यातले काही गळतात. साइटवर आधी यादी निवडावी लागते, ती बऱ्याचदा अमेरिकन लावलेली असते आणि मग बापलेकीत भांडणं होतात. घरी खेळताना डावाआधीच ठरवून टाका.

वर्डलची गोष्ट निराळी. जॉश वॉर्डलने तो २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला आणि २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. मूळ खेळात टाइप करायला चालतील असे सुमारे १३ हजार शब्द होते, पण उत्तर होऊ शकतील असे जेमतेम २,३००, सगळे रोजच्या वापरातले. त्यामुळे स्क्रॅबलमधली विचित्र पाखरं इथे उपयोगाची नाहीत. एस लावून केलेली अनेकवचनं उत्तरात येत नाहीत, तेव्हा पहिल्याच फटक्यात शेवटी एस वाया घालवू नये. उत्तरांच्या शेवटी ई आणि वाय खूप, सुरुवातीला एस सगळ्यात जास्त.

तुमची मुलगी 'अडीयू'ने सुरुवात करते असं तुम्ही लिहिलंय. चार स्वर एकदम कळतात हे खरं, पण स्वर कळून शब्द कळत नाही. सगळ्याच शब्दांत स्वर असतात. शब्द वेगळा करतात ती व्यंजनं. 'क्रेन' किंवा 'स्लेट' घ्यायला सांगा.

आणि एक प्रसंग जवळून दाखवते, कारण सगळे तिथेच मरतात. वर्डलमध्ये हिरवं म्हणजे अक्षर बरोबर जागी, पिवळं म्हणजे आहे पण दुसऱ्या जागी, करडं म्हणजे नाही. दुसऱ्या खेळीनंतर शेवटची चार अक्षरं हिरवी झाली: ए-टी-सी-एच. पहिलं काय? बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. सात उमेदवार, चार संधी. बहुतेक जण एकेक लावत सुटतात आणि नशिबावर जातात. त्याऐवजी तिसऱ्या संधीला 'क्लाइंब' टाका, सी-एल-आय-एम-बी. हा उत्तर असणार नाही, तुम्हालाही माहीत आहे. पण बघा काय होतं: एल पिवळा झाला तर लॅच, एम पिवळा तर मॅच, बी पिवळा तर बॅच. सी तर कुठेतरी आहेच, म्हणून तो पिवळा होणारच, पण पहिल्या जागी हिरवा झाला तर कॅच. यातलं काहीच झालं नाही तर हॅच, पॅच, वॉच उरतात आणि तुमच्याकडे नेमक्या तीन संधी आहेत. कुठल्याही परिस्थितीत सुटका. फक्त 'हार्ड मोड' चालू असेल तर हे करता येत नाही, तिथे सापडलेली अक्षरं वापरावीच लागतात. मी तो मोड लावत नाही. सकाळी चहाबरोबर इतका छळ कशाला?

दुसरी चूक दुहेरी अक्षरांची. उत्तर 'क्रेन' आहे आणि तिने 'गीज' टाकलं, जी-ई-ई-एस-ई, तर शेवटचा ई हिरवा होईल आणि आधीचे दोन करडे. करडा दिसला म्हणून 'ई नाही' असं समजू नये. 'आणखी ई नाही' असा त्याचा अर्थ.

तर साइट वापरू द्यावी का? डाव चालू असताना नाही. संपल्यावर जरूर, रोज. तो रॅक टाकायचा, काय काय होतं ते बघायचं आणि त्यातले दोनच शब्द वहीत उतरवायचे, वीस नाही. जे शोधता आले असते पण दिसले नाहीत, असे दोन. 'टिनवेअर' वहीत जाईल, 'टॉनियर' नंतर बघू. दोन अक्षरी शब्दांची यादी सव्वाशेच्या आसपास आहे, ती मात्र अख्खी पाठ, रोज पाच याप्रमाणे महिन्याभरात होते.

यातून तिचं इंग्रजी सुधारेल का, हे तुम्ही आडून विचारलंय. थोडं. स्पेलिंग पक्कं होईल. पण न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद मिळवलं तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं, आणि २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच केलं. इंग्रजीसाठी तिला वाचायला द्या, खेळ हा खेळ राहू द्या.

या रविवारसाठी एक काम देते. 'रेटिना'ची सहा अक्षरं टेबलावर मांडा आणि उरलेल्या सोंगट्यांतलं एकेक अक्षर तिच्यासमोर सातवं म्हणून ठेवा. प्रत्येकाला दोन मिनिटं, साइट बंद. एल दिलात तर तिला दोन सापडायला हवेत, त्यातला एक तिने जीवशास्त्रात नाही तर शाळेच्या आवारात पाहिलाय. प्रत्येक अक्षराला शब्द निघेलच असं नाही. आणि के ठेवल्यावर दोघंही अडलात, तर बाथरूममध्ये जाऊन शाम्पूच्या बाटलीवर बघा, केसांच्या मजबुतीबद्दल काय छापलंय ते.